टाके पुढे, मान खाली

मी एक जुनी टी आहे. प्यायची नव्हे, मित्रांनो. तो गोंधळ आमच्या घरात एकदा होऊन गेलाय, पुन्हा नको. मी रबराची टी. अमेरिकन फुटबॉलमध्ये खांबांच्या मधून चेंडू मारायचा असला की तो ज्याच्यावर उभा करतात, तो काळा, पसरट ठोकळा म्हणजे मी. उंची जेमतेम दोन इंच. सध्या मिशिगनमधल्या ट्रॉय गावात एका घरी, गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्या मधलं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला त्याच्या फटीत सारून ठेवलंय. हे काम मी चोख करते. पण माझा जन्म काही दार धरून बसायला झाला नव्हता.

जन्म ओहायोतल्या रबराच्या कारखान्यात झाला. तापलेलं रबर साच्यात घालून वरून दाबलं, गार केलं, झाले मी तयार. माझ्यासारख्या कितीतरी बहिणी एकाच खोक्यात भरल्या आणि गावोगावच्या दुकानांत पाठवून दिल्या. मी ट्रॉयमधल्या एका खेळाच्या दुकानात बरेच दिवस धूळ खात होते. तिथून मला गुरुदत्तकाकांनी घरी आणलं.

गुरुदत्तकाका, आडनाव देव, नागपूरचे. इथे एका मोटार कंपनीत ब्रेकचे इंजिनिअर. त्यांचा मुलगा श्रीरंग तेव्हा हायस्कुलात होता. तो सॉकर उत्तम खेळायचा, म्हणून शाळेच्या फुटबॉल कोचने त्याला चेंडू मारायला बोलावलं. घरी आधी बराच वाद झाला. "हाडं मोडून घ्यायचीत का?" असं काकांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "बाबा, nobody hits the kicker." त्याच्या अंगावर कोणी जात नाही, हे नियमाच्या पुस्तकात स्वतः वाचल्यावरच काकांनी मान डोलावली.

"हे काय, मिक्सरखालचं रबर का?" मृणालिनीकाकूंनी मला पिशवीतून काढत विचारलं.

"आई, that's my tee."

"टी? मग चहाच्या डब्याशेजारी ठेवू का?"

झालं. त्या दिवसापासून घरात माझं नाव 'रंगाचा चहा' पडलं. मॅचला निघताना काका गाडी सुरू करून हमखास विचारायचे, "रंगा, चहा घेतलास का?" आणि श्रीरंग मला खिशातून काढून काचेतून दाखवायचा.

मला वापरायला माणूस लागतो, हे तुम्हाला सांगायला हवं. चेंडू लांबट असतो, आपला आपण उभा राहत नाही. एक जण चेंडू मागे फेकतो, दुसरा गुडघ्यावर बसून तो झेलतो, माझ्यावर उभा धरतो आणि वरून एका बोटाने टेकवून ठेवतो. त्याला होल्डर म्हणतात. तिसरा धावत येऊन पाय मारतो. चेंडूच्या एका बाजूला जाड टाके असतात. ते खांबांच्या दिशेला, म्हणजे पुढे हवेत. टाके मारणाऱ्याकडे आले, की पाय त्यांच्यावर बसतो आणि चेंडू कुठेही भरकटतो.

श्रीरंगचे पहिले होल्डर होते गुरुदत्तकाका. ऑफिसातून आले, की त्याच पँटवर शाळेच्या मैदानात गुडघा टेकून बसायचे. चेंडू माझ्यावर ठेवायचे, फिरवायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "टाके पुढे!" ते ऐकलं की श्रीरंग निघायचा. किती संध्याकाळी आम्ही तिघं त्या मैदानात होतो! काकांच्या पँटचा उजवा गुडघा कायम हिरवा असायचा आणि काकू कुरकुरत तो घासायच्या. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस. मी ते जपून ठेवलेत, कारण पुढे तसे आले नाहीत.

काकांचा एक नेम होता. श्रीरंग कुठलीही तक्रार घेऊन आला, मास्तरांची, मित्राची, पंचाची, की त्यांचा पहिला प्रश्न एकच, "तुझं काय चुकलं?" ते म्हणायचे, ब्रेक लागला नाही तर ब्रेक बनवणाऱ्याने रस्त्याला बोल लावायचा नसतो. आणि दुसरी शिकवण, मोठ्यांना उलट बोलायचं नाही. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. तुमच्या घरीही शिकवत असतील. औषधही चांगलंच असतं, मित्रांनो, पण ते कुठल्या दुखण्यावर द्यायचं हे बघावं लागतं.

श्रीरंगला तासाभराच्या अंतरावरच्या एका कॉलेजच्या टीममध्ये जागा मिळाली. कॉलेजचं नाव सांगून आता काय करायचंय? तिथे कोणाला 'श्रीरंग' म्हणता येईना, म्हणून त्याचं 'रेंज' झालं. कोच होते ड्रिस्कल. भरदार माणूस, आवाज असा की ढगांनी वाट द्यावी. पहिल्या वर्षी सगळं छान चाललं. टॉड नावाचा राखीव खेळाडू होल्डर होता. श्रीरंगने त्याला 'टाके पुढे' म्हणायला शिकवलं होतं. तो म्हणायचा 'टॅकी पूडे', पण म्हणायचा. कोच श्रीरंगच्या पाठीवर थाप मारून पत्रकारांना सांगायचे, "या पोराला मी शोधला." जिंकलेल्या मॅचमधलं सगळं त्यांनीच केलेलं असायचं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण कौतुकात रबरालाही भान राहत नाही.

शहाऐंशी सालचा नोव्हेंबर. शेजारच्या कॉलेजशी वर्षातली सगळ्यात मोठी मॅच शनिवारी होती. शुक्रवारी सरावात कोचनी जाहीर केलं, की उद्या टॉड नाही, केव्हिन चेंडू धरेल. केव्हिन हा टीमचा मुख्य खेळाडू, सगळ्या चाली त्याच्या हातून सुरू व्हायच्या. कोचचा हिशोब असा, की केव्हिन खाली बसलेला असला म्हणजे ऐन वेळी चेंडू मारायचा सोडून दुसऱ्याला फेकता येईल आणि समोरचे फसतील. कल्पना वाईट नव्हती. पण केव्हिनने चेंडू कधी धरलेला नव्हता. त्या दिवशी त्याने थोडा वेळ सराव केला आणि टाके दर वेळी वेगळ्याच दिशेला आले.

श्रीरंग मला हातात धरून कोचसमोर गेला. 

"काही अडचण आहे, रेंज?" कोचनी विचारलं.

"No, sir," तो म्हणाला.

त्याला म्हणायचं होतं की टॉडला राहू द्या. ते वाक्य त्याच्या बोटांपर्यंत आलेलं मला कळलं. पण मोठ्यांनी ठरवलेलं. तो मागे फिरला.

शनिवारी गारठा होता आणि बर्फमिश्रित पाऊस. मी श्रीरंगच्या कमरेला खोचलेली होते, म्हणून जे घडलं ते सगळं मी जवळून पाहिलं. आमच्या टीमने पहिला टचडाउन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, सहा पॉइंट मिळाले. त्यावर एका पॉइंटची किक मिळते. ती इतकी जवळून असते, की श्रीरंग डोळे मिटून मारेल. तो मला घेऊन मैदानात निघालाही. कोचनी त्याला हाक मारून परत बोलावलं. त्यांना एक नको होता, दोन हवे होते. दोन पॉइंटसाठी चेंडू हातात घेऊन पुन्हा रेषेपार जावं लागतं. गेले आणि चिखलात आपटले. एकही मिळाला नाही. उरलेल्या मॅचभर तो एक पॉइंट आमच्या पायात घोटाळत राहिला. दुसऱ्या टचडाउननंतर मात्र कोच मुकाट्याने एकावर आले. आमचे तेरा झाले आणि समोरच्यांचे चौदा.

शेवटची काही सेकंद उरली होती. खांब अडतीस यार्डांवर. श्रीरंगच्या पायाला हे अंतर नवं नव्हतं. गेला चेंडू खांबांमधून, की तीन पॉइंट आणि मॅच आपली. घड्याळ चालू होतं. घड्याळ थांबवायला टाइम आऊट मागता येतो आणि कोचकडे दोन शिल्लक होते.

"टाइम आऊट घेऊ?" मदतनीस कोचने विचारलं.

"नको. त्यांना विचार करायला वेळ कशाला द्यायचा? जा, पळा!" ड्रिस्कल गरजले.

त्यांना वेळ द्यायचा नव्हता आणि आपल्यालाही दिला नाही. अकरा जण धावत सुटले. एक घसरून पडला, उठला. श्रीरंगने मला चिखलात रोवलं, टाचेने दाबलं. केव्हिन गुडघ्यावर बसला. त्याची बोटं गारठून लाल झाली होती. चेंडू आला, ओला, निसरडा. त्याने तो कसाबसा माझ्यावर टेकवला. फिरवायला वेळच नव्हता. टाके मागे होते, थेट श्रीरंगच्या बुटाकडे.

'टाके पुढे' कोणी म्हटलं नाही. श्रीरंग तरीही आला.

मित्रांनो, मी खोटं बोलणार नाही. त्याच्याही हातून चूक झाली. पाय चेंडूला लागायच्या आधीच त्याने मान वर केली. चेंडू कुठे जाईल हे बघायची घाई झाली. केसभर आधी, पण केली. चेंडू माझ्या डोक्यावरून निघाला, आधी बरोबर आणि मग डावीकडे वळत वळत खांबाच्या बाहेर.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. श्रीरंग अगदीच संन्यासी नव्हता. पण त्या हरण्यात वाटेकरी बरेच होते आणि वाटणीच्या वेळी एकटा तोच मैदानात उभा राहिला. बाकीचे माना वळवून निघून गेले. केव्हिनने मला उचललं, त्याच्या हातात दिलं आणि तोही गेला.

कोचभोवती पत्रकार जमले. आम्ही शेजारूनच जात होतो. ड्रिस्कल शांतपणे म्हणाले, "पोरांना जिंकायच्या जागी नेऊन उभं करणं माझं काम. ते मी केलं. पाय काही मी मारू शकत नाही." मग पत्रकार श्रीरंगकडे वळले. दोन पॉइंटचं, होल्डरचं, टाइम आऊटचं कोणी विचारलं नाही. त्याने सांगितलं, "My fault. I looked up." पत्रकारांना तेवढं पुरलं.

गुरुदत्तकाका त्या वेळी मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला गेले होते, हे मी पुढे घरात ऐकलं. आत हॉलमध्ये फराळाची ताटं लागलेली आणि हे पार्किंगमध्ये गाडीत बसून खरखरणाऱ्या रेडिओवर मॅच ऐकत होते. रेडिओवाला म्हणाला, "पोराने चुकवली. साधी किक चुकवली." काका आत गेले तेव्हा दिगंबरकाका नावाचे त्यांचे दोस्त मोठ्याने म्हणाले, "काय यार गुरुदत्त, रंगाने मॅच घालवली म्हणे! जाऊ दे, चकली घे." दिगंबरकाकांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण सगळ्या हॉलने मागे वळून पाहिलं आणि काकांनी ती चकली तशीच ताटात ठेवली.

संध्याकाळी श्रीरंगने हॉस्टेलच्या बोळातल्या फोनवरून घरी फोन लावला. मी जाकिटाच्या खिशात होते. लांबच्या फोनवर ओरडून बोलायची काकांची सवय, त्यामुळे मला स्पष्ट ऐकू आलं.

"रंगा, तुझं काय चुकलं?"

 श्रीरंगची बोटं खिशात येऊन मला घट्ट धरून बसली. त्याने फक्त 'टाके मागे' एवढे दोन शब्द म्हणायचे होते. जगात ते दोन शब्द ज्याला लगेच कळले असते, असा एकच माणूस होता आणि तो फोनवर होता. मी मनातल्या मनात ओरडत होते. पण रबराला तोंड नसतं.

"मान वर केली, बाबा," तो म्हणाला.

"मग? पुढच्या वेळी मान खाली ठेवायची."

"हो."

सोमवारी टीमला मॅचची फिल्म दाखवली. कोचनी ती एकाच जागी थांबवली, पुढे नेली, मागे आणली. पडद्यावर श्रीरंगची मान वर जायची, खाली यायची, वर जायची, खाली यायची. चेंडूवरचे टाके त्या फिल्ममध्ये दिसत नव्हते. केव्हिन पहिल्या रांगेत बुटाची नाडी बांधत बसला होता. ती त्याची नाडी तासभर बांधूनच होईना.

मग बाकीचं सुरू झालं. श्रीरंगच्या खोलीच्या दारावर कोणी फाटका बूट टांगला. जेवणघरात तो ताट घेऊन निघाला, की मुलं हात वर करून "डावीकडे, डावीकडे" करायची. एकाने तर सांगितलं, जा आपल्या देशात परत. त्याचा देश म्हणजे तिथून तासाभरावरचं ट्रॉय, हे त्या शहाण्याला कोण सांगणार?

हिवाळ्यात मैदान दगडासारखं झालं, तरी तो रोज मला घेऊन जायचा. होल्डर कोणी यायला तयार नव्हता. चेंडूही न्यायचा नाही. मला बर्फात ठेवायचा आणि माझ्यावरून नुसता पाय फिरवायचा. मान खाली. पुन्हा. मान खाली. पुन्हा. मला वाटायचं, अरे, चेंडू तरी आण, मला काम तरी दे. त्याचं माझ्याकडे लक्षच नसायचं. तो माझ्याकडे बघत असायचा, पण बघत नसायचा. हळूहळू ते वळण अंगात मुरलं. वर्गात जाताना मान खाली, जेवताना मान खाली. मराठीत मान खाली घालण्याचा अर्थ काय होतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. इंग्रजीत त्याला कोच चांगलं तंत्र म्हणत होते.

पुढच्या हंगामाला कोचनी दुसरा किकर आणला. श्रीरंगने कॉलेज सोडलं, घरी आला, गावाजवळच्या युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला लागला. मला गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे टाकलं. 'चहा घेतलास का' हा प्रश्न त्या घरात पुन्हा कोणी विचारला नाही. मार्कं उत्तम यायची. काका लोकांना सांगायचे, "चूक कबूल केली, अभ्यासाला लागला. असंच असावं." काकू मात्र जेवताना मुलाच्या वाकलेल्या मानेकडे बघत राहायच्या. एकदा गॅरेजचं दार सारखं आपटायला लागलं, तेव्हा त्यांनीच मला शोधून त्याच्या फटीत सारलं.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात, एका रविवारी दुपारी, केव्हिन घरी आला. आता तो शिकून बाहेर पडला होता, अंगाने सुटला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी काका आणि श्रीरंगसमोर बसला आणि मी दारातच होते. काकूंनी त्याच्यापुढे चहा ठेवला. तो बोलला इंग्रजीत, पण मी तुम्हाला मराठीत सांगते.

"कोच रिटायर झाले," तो म्हणाला. "निरोपाच्या जेवणात ते म्हणाले, माझ्याकडे एक किकर होता, त्याने मान वर केली आणि माझी मॅच गेली. सगळे हसले. मीही हसलो. मग मला जेवण जाईना. मिस्टर देव, टाके मागे होते. मी फिरवू शकलो नाही. मला धरताच येत नव्हतं आणि ते कोचना शुक्रवारीच दिसलं होतं. दोन टाइम आऊट होते. एक घेतला असता तर मी हात तरी पुसले असते. रेंजला हे सगळं माहीत होतं. त्याने कधीच कोणाला सांगितलं नाही. मला वाटलं, तो सांगेल. रोज वाट पाहिली मी."

काकांचा कप बशीवर वाजला. त्यांनी श्रीरंगकडे पाहिलं.

"टाके मागे होते?"

श्रीरंगने टेबलाकडे बघत मान डोलावली.

"अरे, मग मला बोलला का नाहीस? मला कळलं असतं! मी धरलाय तुला चेंडू, रंगा. मला नसतं कळलं?"

"तुम्ही विचारलंच नाहीत, बाबा," श्रीरंग म्हणाला. आवाज चढवून नव्हे, अगदी साधेपणाने. "माझं काय चुकलं, एवढंच विचारलंत. त्याचं उत्तर मी बरोबर दिलं."

 केव्हिन उठला, श्रीरंगच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. चहा तसाच राहिला.

मग गुरुदत्तकाका माझ्याजवळ आले. वाकून मला फटीतून काढलं, दार धाडकन आपटलं. जुना चेंडू शोधला, हवा कमी झालेला. मागच्या अंगणात जाऊन मला गवतावर ठेवलं आणि आता दुखऱ्या झालेल्या गुडघ्यावर कण्हत बसले. चेंडू माझ्यावर उभा केला, फिरवला. त्यांचं ते बोट मी इतक्या वर्षांनी ओळखलं.

"टाके पुढे!" ते ओरडले. आवाज फाटला होता. "रंगा, टाके पुढे!"

श्रीरंग मागच्या दारात येऊन उभा राहिला. तो पाऊलभर पुढे आला, तेव्हा मला वाटलं, आता. आता येईल. पण तो थांबला.

"बाबा, they don't allow the tee anymore," तो म्हणाला. "या सीझनपासून रूल बदललाय. चेंडू जमिनीवरच ठेवतात." आणि आत गेला.

त्याचं खरं होतं. माझा खेळच कॉलेजच्या नियमातून काढून टाकला होता. हे मला असं, त्याच्या तोंडून कळलं. काका बराच वेळ तसेच बसून होते, बोट चेंडूवर ठेवून. "माझं चुकलं" असं ते शेवटी म्हणाले, पण ते ऐकायला गवतात मी एकटीच होते. मग काकू आल्या, त्यांना दंडाला धरून उठवलं आणि मला परत दाराशी ठेवलं.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी तुम्हाला सांगायला हवं. आमच्या जातीच्या वस्तू शेवटी तेच सांगतात. पण माझं काही अडलेलं नाही, रबर पुष्कळ टिकतं. तुमच्या घरी कोणी हरून आलं, तर त्याच्या चुका मोजायला उद्याचा दिवस आहे. आज आधी विचारा, काय झालं? आणि त्याने सांगेपर्यंत थांबा. ज्याने हुकूम दिला तोही हरण्यातला वाटेकरी असतो, हे हरून आलेल्याला कोणीतरी घरातल्याने सांगायला हवं. बाहेरचं कोणी सांगत नाही.

श्रीरंग रोज संध्याकाळी कामावरून येतो आणि या दारातून आत जातो. घरातल्या बाकीच्यांना त्याचे केस दिसतात, कपाळ दिसतं. मी जमिनीवर असते. त्याचा चेहरा अजून फक्त मलाच दिसतो.